भिंतीतलं पाणी

चुलतभावाचा फोन आला तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता. मोहोर कसा आहे, थंडी लवकर गेली, फवारणीचा खर्च किती वाढलाय, असं होत होत बोलणं माजघराच्या भिंतीवर आलं. "ताई, यंदा माजघराला पीव्हीसीची पॅनेलं मारून टाकू. दोन दिवसांचं काम. दिसतात अगदी लाकडाची, पुसता येतात, आणि मुख्य म्हणजे ओल दिसणारच नाही." मी "बघू" म्हटलं, वहिनीशी चार शब्द बोलले आणि फोन ठेवला. दापोली तालुक्यातल्या त्या घरात बारा महिने राहतात ते दोघं. मी पुण्याहून शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीत जाणारी. त्याला हवं ते करायचा त्याचा हक्क माझ्यापेक्षा मोठा. तरीही ते शेवटचं वाक्य दिवसभर माझ्या मागे लागलं होतं. ओल दिसणार नाही, म्हणजे ओल असणार. पॅनेलच्या मागे, वारा न लागता, ती भिंत भिजत राहणार आणि आम्ही पुढे बसून चहा पिणार.

कोकणातल्या घरात ज्यांनी पावसाळा काढलाय त्यांना अशी भिंत सांगायला नको. आमची ही माजघराची मागची भिंत, तिच्या पलीकडे परसदार. जुलैच्या मध्यावर तिच्या पायथ्याशी काळसर पट्टा दिसायला लागतो. आधी वीतभर, मग हातभर, गणपती येईस्तोवर कमरेपर्यंत. हात लावला तर गार, किंचित बुळबुळीत. दिवाळीनंतर भिंत वाळू लागली की त्याच पट्ट्याच्या वरच्या कडेला पांढरा लोणा फुटतो. नखानं खरवडला की बारीक चुरा खाली सांडतो, जिभेला लावला तर खारट. रंगाचे पोपडे सुटतात, पोपड्यांच्या आत गिलाव्याची पूड. आणि वास तर सगळ्याला लागतो. गोधड्यांना, पुस्तकांना, पोह्यांच्या डब्याच्या झाकणालासुद्धा. आजी कपाटं भिंतीपासून चार बोटं लांब ठेवायची. पाहुण्यांपैकी कुणी झोपायला जागा करताना कपाट मागे रेटलं तर रात्री उठून ते पुढे ओढायला लावायची.

मला आठवते ती भिंत मात्र सिमेंटची नव्हती. जांभ्याचे चिरे माती-चुन्यात बसवलेले, वरून चुन्याचा गिलावा आणि दर वर्षी दसऱ्याच्या आधी चुन्याचा हात. बादलीत नीळ कालवलेला चुना, काथ्याचा कुंचा, आणि दुसऱ्या दिवशी पाठ टेकली की परकराला लागणारी पांढरी पूड. पावसाळ्यात तीही भिंत दमट व्हायची. पण मार्च-एप्रिलच्या उन्हात ठणठणीत वाळायची. जमीन सारवलेली होती, तीही तशीच; भिजायची आणि वाळायची. जांभ्याचा स्वभावच तसा आहे. खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्यारानं तासता येतो, आणि वाऱ्या-उन्हात राहून घट्ट होतो. पण अंगभर भोकं. पाणी पितो आणि सोडतो. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या पट्ट्यात पाणी अजिबात न पिणारी भिंत बांधायचा हट्ट जुन्या लोकांनी धरलाच नाही. प्यालेलं पाणी परत जायची वाट त्यांनी मोकळी ठेवली होती.

ती वाट बंद झाली ती घरात चांगले दिवस आले तेव्हा.

सिमेंट परमिटवर मिळायचं तो काळ आमच्या आईवडिलांनी पाहिलेला. १९८२ साली सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठलं, १९८९ साली पूर्ण गेलं, आणि मुंबईला नोकरीला असलेल्यांच्या घरी गावाकडे सिमेंटच्या गोणी येऊ लागल्या. आमच्याकडेही आल्या. काकांनी माजघराचा चुना खरवडून सिमेंटचा गिलावा करून घेतला, घोटून गुळगुळीत केला, त्यावर फिकट हिरवा ऑइलपेंट. सारवलेल्या जमिनीवर आधी कोबा आणि पुढे चकचकीत टाइल्स. सगळं गाव बघायला आलं होतं. आज त्या कामाला नावं ठेवणं सोपं आहे, पण मला ते जमत नाही. आईचे आणि काकूचे गुडघे सारवण्यात गेले होते. त्या वर्षी दिवाळीला पहिल्यांदा त्या दोघी फराळाला वेळेवर बसल्या. सिमेंटनं आमच्या घरातल्या बायकांना जे दिलं ते मी विसरणार नाही. एवढंच की भिंतीच्या आतल्या पाण्याचा कुणी विचार केला नाही. जमिनीतून वर ओढलं जाणारं पाणी आधी सारवणातून आणि चुन्यातून उडून जायचं. खाली टाइल्स आणि समोर सिमेंट-ऑइलपेंट म्हटल्यावर त्याला वर चढण्याखेरीज जागा उरली नाही. जिथे पेंट थोडा फाटला तिथून ते बाहेर पडू लागलं आणि येताना चिऱ्यातले, मातीतले, वाळूतले क्षार घेऊन येऊ लागलं. लोणा म्हणतो तो हाच. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, त्यांचे खडे होतात आणि ते खडे गिलाव्याला आतून फोडतात. वर पुन्हा सिमेंट मारलं की पट्टा आणखी हातभर वर सरकतो. आमच्या भिंतीवर अशी ठिगळं एकावर एक चढलेली होती.

शिमग्याला गेले तेव्हा पालखी घरी यायच्या आदल्या दिवशी मी गावातल्या एका जुन्या गवंड्यांना बोलावलं. सत्तरी गाठलेले, आता फारशी कामं घेत नाहीत. भावाला वाटलं ते रंगाचा अंदाज द्यायला आलेत. त्यांनी भिंतीकडे नुसतं पाहिलं आणि विचारलं, "रंग काय, कधीपण मारू. पाणी कुठनं येतंय ते बघितलंत का?" आणि घरात न थांबता परसदारी गेले. मला त्यांचं ते मागे जाणं फार आवडलं. आतापर्यंत ज्यांना ज्यांना ही भिंत दाखवली होती, ते सगळे माजघरात उभे राहून बोलले होते. कुणी ओल थांबवणारा प्रायमर सांगितला, कुणी भिंतीत भोकं पाडून रसायन भरायचं म्हटलं. भिंतीच्या दुसऱ्या बाजूला जाणारे हे पहिले.

मागे काय होतं ते आम्ही रोज पाहत होतो आणि कधी बघितलं नव्हतं. घर डोंगराच्या उतारावर, त्यामुळे परसाकडची जमीन मुळात उंच. दर पावसात वरून माती यायची, ती भिंतीशी साचायची. नळाची पाइपलाइन आली तेव्हा खणलेली माती तिथेच पसरली. पुढे चिखल होतो म्हणून त्याच्यावर सिमेंटचा थर घातला, तोही घराच्या बाजूला उतार होईल असा. त्यांनी पहारीनं भिंतीच्या कडेचं काँक्रीट थोडं उचकटलं आणि खाली हात घातला. "हे बघा ताई, जोतं इथं आहे." जोत्याचे, म्हणजे पायावरच्या चौथऱ्याचे, दोन थर जमिनीखाली गाडले गेले होते. म्हणजे आमची भिंत भिंत राहिलीच नव्हती. तिचा खालचा दीड-दोन फूट भाग चार महिने ओल्या मातीला टेकून उभा होता. वर पाहिलं तर पन्हळ मधोमध सांध्यात सुटलेली, पागोळ्यांची रेघ थेट भिंतीच्या कडेला. काँक्रीटवर पाण्यानं पाडलेला खड्डाही त्यांनी दाखवला. तो खड्डा मी लहानपणापासून पाहत असल्यासारखा ओळखीचा वाटला, इतका तो त्या जागेचा झाला होता.

त्यांनी आणखी एक गोष्ट करायला सांगितली, ती कुणालाही घरी करता येते म्हणून सांगते. स्वयंपाकघरात असतो त्या अॅल्युमिनियम फॉइलचा हातभर तुकडा भिंतीवर चारी कडांनी चिकटपट्टीनं घट्ट चिकटवायचा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवायचा. पाणी फॉइलच्या खोलीकडच्या बाजूवर जमलं तर ती हवेतली वाफ; खिडक्या उघडा, वारा खेळू द्या. फॉइल काढल्यावर मागे भिंतीकडे ओल असेल तर पाणी भिंतीतून येतंय. मार्चमध्ये, बाहेर सगळं कोरडं असताना, आमच्या फॉइलच्या मागे थेंब होते. त्या भिंतीत गेल्या पावसाळ्याचं पाणी अजून होतं.

हेच पुण्यात वेगळ्या वेषात भेटतं. आमच्या फ्लॅटच्या पॅसेजच्या छतावर पिवळा डाग धरला तेव्हा रंगवाल्यानं सांगितलं, वॉटरप्रूफ पेंटचे दोन हात देऊ. डाग न्हाणीच्या खाली नव्हता, चांगला पाच-सहा फूट बाजूला होता, त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या काकाकाकूंना आमचं म्हणणं पटेना. स्लॅबमध्ये पाणी शिरलं की ते सरळ खाली पडत नाही. टाइल्सखालच्या भरावातून, स्लॅबमधल्या वायरिंगच्या पाइपातून जिथे उतार आणि फट मिळेल तिथे जातं. शेवटी एका प्लंबरनं वरच्यांच्या न्हाणी ट्रॅपला, म्हणजे न्हाणीतलं पाणी जातं त्या जाळीखालच्या भांड्याला, बूच लावलं, रंग टाकलेलं पाणी जमिनीवर भरून दिवसभर ठेवलं, आणि आमच्या छतावरचा डाग गुलाबी झाला. ट्रॅप आणि टाइलच्या मधला सांधा सुटला होता. टाइल्सच्या दरजा कोरून इपॉक्सी ग्राउट भरलं, ट्रॅपचा सांधा नव्यानं केला. काम एवढंसं. पण तिथवर जायला दोन घरांमधलं बोलणं बिघडू न देता चार महिने जावे लागले. सोसायटीच्या आदर्श उपविधींत गच्चीची गळती सोसायटीकडे आणि घरातल्या नळ-न्हाणीची ज्याची त्याच्याकडे, असं स्वच्छ लिहिलेलं आहे. तरी पाणी कुणाचं हे आधी ठरावं लागतं, आणि ते रंगाखाली झाकलं की कधीच ठरत नाही. काकूंनी त्यानंतर आमच्याकडे गुळाच्या पोळ्या पाठवल्या होत्या. मला त्या दुरुस्तीतलं तेवढं सगळ्यात जास्त आठवतं.

गावाकडच्या भिंतीवर भावाशी बोलणं एवढं सरळ झालं नाही. गवंड्यांचं म्हणणं असं: मागची माती काढा, जोतं उघडं करा, भिंतीपासून दोन-तीन फुटांवर चर मारा, पन्हळ नीट करा, आतला सगळा सिमेंट गिलावा कमरेच्या वरपर्यंत फोडा आणि भिंत एक पावसाळा उघडी ठेवा. नवा गिलावा दिवाळीनंतर, तोही चुन्याचा. भाऊ हिशेब करत होता आणि वहिनी गप्प होती. मग ती म्हणाली, "गणपती कुठे बसवायचा?" आमचा गणपती त्याच माजघरात, त्याच भिंतीला पाठ करून बसतो. मुंबईची, पुण्याची सगळी भावंडं येतात. उघड्या चिऱ्यांसमोर, खाली पडणाऱ्या मातीसमोर मखर मांडायचं, येणाऱ्याजाणाऱ्यांनी विचारायचं आणि उत्तरं तिनं द्यायची. आणि मी? मी सात दिवसांनी विसर्जन झालं की पुण्याला. तिनं हे शेवटचं म्हटलं नाही. तिला म्हणायची गरज नव्हती. चुन्याचं ऐकल्यावर मात्र ती बोललीच, "सारवायलाही लावणार आहात का मला?" नाही, हे मी तिला लगेच सांगितलं आणि ते मनापासून सांगितलं. टाइल्स राहतील. जुन्या घराबद्दलचा जिव्हाळा दुसऱ्याच्या कंबरेवर टाकायचा नसतो. आजूबाजूला जुनी घरं 'जशीच्या तशी' राखण्याचा उत्साह पाहते तेव्हा, झाडलोट कोण करतं हा प्रश्न मला आधी पडतो.

ठरलं असं की खर्चाचा मोठा भाग मी उचलायचा आणि मे महिना मी तिथे राहून काम करून घ्यायचं.

त्या महिन्यात मला घराचं छप्पर पुन्हा एकदा नीट पाहायला मिळालं. मंगलोरी कौलाचा कारखाना बाझल मिशन या स्विस ख्रिस्ती मिशननं मंगळूरला १८६५ साली काढला आणि पुढे ही कौलं किनाऱ्यानं वर येत येत आमच्या गावांवर पसरली. त्याआधी नळीची कौलं होती, ती दर वर्षी परतावी लागायची. मंगलोरी कौल एकमेकांच्या खाचेत बसतं, म्हणून ते कमी सरकतं. तरी मे महिन्यातली शाकारणी चुकायची नाही. आम्ही पोरं शिडीपासून ओळीनं उभी राहायचो आणि कौल हातोहात वर जायचं. काका प्रत्येक कौल बोटाच्या पेरानं वाजवून बघायचे. खणखणीत वाजलं तर वर, बद्द वाजलं तर बाजूला. डोळ्यांना न दिसणारी चीर कानाला कळते. मी या मे महिन्यात तशीच वाजवत बसले होते. शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे कौलं लागतात. फुटलेल्यांच्या जागी आणलेली कौलं पुष्कळदा बसतच नाहीत, कारण कारखाना बदलला की खाचेचं मापही बदलतं. कौलाच्या मागे उठवलेलं नाव बघून त्याच छापाची जुनी कौलं, एखादं घर उतरवतात तिथून, मिळवावी लागतात. आमच्या मांगराच्या, म्हणजे वाडीतल्या खोपटाच्या, मागे रचलेली थप्पी असते तिच्याकडे भावानं कुणाला हात लावू दिलेला नाही, याचं मला फार कौतुक वाटतं.

अर्ध्या घरावर आता कौलं नाहीतच. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा टाळेबंदी होती. पासाशिवाय जिल्हा ओलांडता येत नव्हता, गावाकडचे फोन बंद, वीज गेलेली. पडवीवरचं आणि स्वयंपाकघरावरचं छप्पर गेल्याचं आम्हाला दोन-तीन दिवसांनी एका शेजाऱ्यानं टेकडीवर चढून पाठवलेल्या फोटोतून कळलं. माडाचं झाड आडवं, वासे उघडे, आणि त्यावर ताडपत्री धरून उभा असलेला भाऊ. पावसाळा दाराशी आणि कौलं, पत्रे, कारागीर कशालाच ठिकाणा नाही. तेव्हा त्यानं मिळेल तो पत्रा मिळेल त्या भावात आणून घातला. त्यात माकडं आणि वानरं. कौलावर कळपानं उड्या मारतात, एका दुपारी पंधरा-वीस कौलं सहज फुटतात. ज्याला पावसात वर चढून कौल बदलायचंय आणि ज्याच्या घरात वर चढणारं दुसरं तरुण माणूस नाही, त्यानं पत्रा घातला तर त्यात घराची आठवण मोडली वगैरे मी म्हणणार नाही. पत्र्याखाली मेमध्ये जीव घाबरा होतो, जुलैमध्ये शेजारचं बोललेलं ऐकू येत नाही, हे खरं. आणि पत्रा जिथे गळतो ती जागा पत्रा नसते, स्क्रू असतो. खारा वारा आधी स्क्रूचं डोकं खातो, नाहीतर कुणीतरी स्क्रू इतका आवळलेला असतो की खालचा रबराचा वायसर चिरतो. मेमध्ये सगळे स्क्रू बघून गंजलेले बदलून घेतले. पत्र्याखाली छत म्हणून पॅनेलं लावायला मी लगेच हो म्हटलं. तिथे ओलीचा प्रश्न नाही, उन्हाचा आहे, आणि वर वारा खेळायला जागा सोडून लावली तर त्यांचा उपयोग आहे.

भिंतीचं काम पहिल्या दिवशी वाईट वाटावं असंच होतं. छिन्नी लागली की सिमेंटचे मोठाले पापुद्रे सुटून पडायचे. आतल्या बाजूनं ते काळे ओले होते, उन्हाळा असूनही. खाली चिरा निघाला तो ओल्या गेरूच्या रंगाचा, हाताला लागणारा. सगळ्यात आतल्या थरात दोन-चार ठिकाणी जुना चुना शिल्लक होता, निळसर पांढरा. दाराच्या चौकटीचा खालचा भाग वाळवीनं पोकळ केला होता. टोचा मारला तर तो मुठीपर्यंत आत गेला, वर ऑइलपेंटचा पापुद्रा मात्र शाबूत. वाळवीला ओल आणि अंधार दोन्ही मिळालं की तिला आणखी काही लागत नाही. सुतारानं कुजकं तेवढं कापून किंजळाचा तुकडा सांधून दिला, त्याच्या बुडाला काजूच्या टरफलाचं तेल पाजलं आणि चौकट जमिनीपासून बोटभर उचलून दगडावर टेकवली. मागे माती उपसण्याचं काम सगळ्यात दमवणारं. जोतं उघडं झाल्यावर चर मारला, तळाशी खडी घातली, पाणी वाडीकडे काढलं आणि भिंतीलगतच्या जमिनीला दहा फुटांत अडीच इंच असा बाहेर उतार दिला. एवढ्या उतारानं डोळ्यांना फरक कळत नाही, पाण्याला कळतो.

त्या पावसाळ्यात मी रोज नाही तरी दर दोन-तीन दिवसांनी वहिनीला फोन करून भिंतीचं विचारत होते. तिनं चिऱ्यावर खडूनं रेघ मारून ठेवली होती. पाऊस संपता संपता पट्टा वीतभर चढला आणि थांबला. गणपतीत तिनं मखराच्या मागे आजीची जुनी इरकल साडी ताणून लावली, आणि त्यापलीकडची भिंत ज्यांनी विचारली त्यांना तिनं स्वतःच सगळं सांगितलं. पाणी कुठून येत होतं, जोतं कसं गाडलं होतं. सांगताना ती जावेला बाहेर नेऊन चर दाखवून आणत होती. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि मला हायसं वाटलं. पूर्ण नाही. ते महिने तिनं माती झाडत काढलेत हे मला माहीत आहे.

दिवाळीनंतर चुना आला. कळीचा चुना, पांढरे हलके खडे, पोतं हवाबंद. गवंड्यांनी लोखंडी पिंप अर्धं पाण्यानं भरलं आणि खडे एकेक करून पाण्यात सोडायला लावले. चुना पाण्यात टाकायचा, पाणी चुन्यावर ओतायचं नाही, हे त्यांनी तीनदा बजावलं आणि पोरांना मागे सारलं. क्षणभर काही नाही. मग खडा सुस्कारला, फुटला, आणि पिंपातलं पाणी खदखदायला लागलं. शेगडी नाही, विस्तव नाही, आणि वाफेचा लोट. पिंपाला हात लावता येईना. डोळ्यांवर चष्मे आणि हाताला खोबरेल, तरी नाकात तो तिखट, स्वच्छ वास शिरतच होता. तो वास आला आणि मी आठ वर्षांची झाले, निळीच्या बादलीपाशी उभी. निवल्यावर तो चाळून, वर पाणी ठेवून मुरत घातला. काही आठवड्यांनी उघडला तेव्हा तो घट्ट दह्यासारखा थापीवरून सावकाश घसरत होता. एकास तीन वाळू. खाडीची वाळू गवंड्यांनी परत पाठवली. तिच्यात मीठ असतं आणि आपणच लोणा आणून भिंतीत भरतो. जुने लोक चुन्यात गुळाचं पाणी, हिरड्याचा काढा घालायचे. आम्ही काही घातलं नाही, भिंत किल्ल्याची नव्हती.

चुन्याला घाई चालत नाही. सिमेंट पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं, रात्रीत. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा दगड होतो, आणि त्याला महिने लागतात. पातळ थर, मध्ये दिवस, दोन वेळा हलकं पाणी, उन्हाच्या बाजूला ओलं गोणपाट. भावाला हे पटत नव्हतं. त्यानं अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि मला फोन केला, "ताई, अजून मऊ आहे." पुढच्या आठवड्यातही मऊ. एक दिवस फोन आला नाही, म्हणून मीच केला, तर म्हणाला, "आता नख लागत नाही." त्याच्या आवाजात जे होतं त्याला मी अभिमानच म्हणेन.

या कामाला कारागीर मिळणं हीच आता अडचण आहे. चुन्याची थापी चालवणारे आमच्या पंचक्रोशीत हे एकच, आणि त्यांना खाली बसून उठायला आता आधार लागतो. त्यांचा पुतण्या टाइल्सचं काम करतो. पहिल्या दिवशी नुसता बघायला आला होता, शेवटचा थर त्यानं घोटला. रोजंदारी टाइल्सएवढीच मिळाली तर करेन म्हणतो, आणि ती त्याला द्यायलाच हवी. न्हाणीघराची भिंत अजून बाकी आहे. तिथे चुना टिकणार नाही, रोजचं पाणी आहे, तेव्हा पाणी बाहेर काढायचा उतार आणि टाइल्सच्या मागचं वॉटरप्रूफिंग नव्यानं करावं लागेल, असं दोघं काका-पुतणे म्हणतात. वहिनीला तिथे उभं राहून कपडे धुता येतील असा कट्टा हवाय. त्याचं माप तिनं स्वतः घेऊन पाठवलंय: उंची तेहेतीस इंच, आणि बोरवेलचा नळ डाव्या हाताला.